लवादाच्या उमेदवाराला काय विचारावं?

आजचा विषय थोडा आडवाटेचा वाटेल. इंग्रजी विकिपीडियावर दर वर्षाच्या अखेरीस एक निवडणूक होते, लवाद समितीची. त्या निवडणुकीत उमेदवारांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांच्याबद्दल मला आज थोडी टीका करायची आहे.

आधी समितीची ओळख. जिमी वेल्स यांनी २००३च्या अखेरीस ती जाहीर केली. लेखात काय लिहावं, हे ती ठरवत नाही. ती निवाडा करते माणसांच्या वागणुकीचा. एखाद्यावर बंदी घालणं, एखाद्या प्रचालकाचे अधिकार काढून घेणं, हे तिच्या हातात असतं. शिवाय छळाच्या खाजगी तक्रारी तिच्याकडे येतात, आणि कोण कुठल्या आयपी पत्त्यावरून लिहितो हे पाहण्याचा अधिकारही सदस्यांना मिळू शकतो. म्हणजे चुकीचा माणूस निवडला, तर नुकसान खऱ्याखुऱ्या माणसांचं होतं.

आता बघा, गावातल्या तंटामुक्ती समितीत कोण बसलंय, त्याची कोणाशी ऊठबस आहे, हे गावाला न विचारता ठाऊक असतं. इथे बहुतेक उमेदवार टोपणनावाने वावरतात. २००७ साली एस्जे नावाच्या सदस्याला वेल्स यांनी निवडणुकीशिवाय थेट या समितीवर नेमलं. तो स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवत होता. प्रत्यक्षात तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि त्या पदव्या त्याच्याकडे नव्हत्या. काही दिवसांतच त्याला सगळी पदं सोडावी लागली. तेव्हा प्रश्न विचारायलाच हवेत, यात वाद नाही. वाद आहे तो कुठले प्रश्न, याबद्दल.

साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला काल्पनिक: ‘समजा अमुक घडलं, तर तुम्ही काय कराल?’ दुसरा जुन्या जखमेचा: समितीने ज्याच्याविरुद्ध निकाल दिला, तो किंवा त्याचा मित्र विचारतो, ‘तो निकाल चूक होता, हे तुम्हाला मान्य आहे का?’ तिसरा असतो वागणुकीच्या नोंदीबद्दल. तो सर्वांत कमी विचारला जातो.

काल्पनिक प्रश्नाला उत्तम उत्तर कोण देतो? ज्याला छान लिहिता येतं तो. जखमेच्या प्रश्नाची अडचण वेगळी. प्रामाणिक उमेदवार म्हणेल, ‘पुरावा वाचल्याशिवाय मी बोलणार नाही.’ न्यायाधीशाने असंच बोलायला हवं. पण मतदाराला वाटतं, हा टाळतोय. जो लगेच बाजू घेतो, तो मात्र स्पष्टवक्ता ठरतो! अमेरिकेत न्यायाधीश निवडून देणाऱ्या राज्यांना हा पेच जुना आहे. वादग्रस्त प्रश्नांवर उमेदवारांनी मत जाहीर करू नये, असा मिनेसोटाचा नियम होता. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. मला तो निकाल पटतो, कारण मत असणं वेगळं आणि निकालाचं वचन देणं वेगळं. विकिपीडियावरचे प्रश्नकर्ते पुष्कळदा मत विचारतोय असं म्हणून वचन मागतात.

यावर कुणी म्हणेल, मग दुखावलेल्यांनी गप्प बसायचं का? मुळीच नाही. समिती कुठे चुकते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. माझं म्हणणं एवढंच, की प्रश्न उमेदवाराच्या स्वतःच्या कृतीवर आणा. ‘तुम्ही घातलेली कुठली बंदी नंतर मागे घेतलीत, आणि का?’ ‘तुमच्या मित्राची चूक होती, तेव्हा तुम्ही काय लिहिलंत?’ विकिपीडियावर जवळजवळ प्रत्येक संपादनाची नोंद राहते. त्यामुळे अशी उत्तरं कुणालाही ताडून पाहता येतात. काल्पनिक उत्तर ताडणार कसं?

आणखी एक गोष्ट कामाच्या स्वरूपाची. २०१५ साली समितीने एका प्रचालकावर बंदी घातली. एका भारतीय व्यवस्थापन संस्थेबद्दल त्याने केलेलं झुकतं लिखाण, हा त्या प्रकरणाचा विषय होता. अशा लिखाणात एकेक बदल सुटा पाहिला तर निरुपद्रवी वाटू शकतो. कल लक्षात येतो तो वर्षानुवर्षांच्या नोंदी चिकाटीने वाचल्यावर. ही चिकाटी उमेदवाराकडे आहे का? आठवड्याला किती तास देणार? पूर्वी कुठलं किचकट भांडण शेवटपर्यंत वाचलंत? हे विचारायला कुणाला फारसा उत्साह नसतो.

आता एका संपादकाने एका उमेदवाराला किती प्रश्न विचारावेत, यावर तिथे मर्यादा आहे: दोन. चांगला नियम आहे. पण दोनच प्रश्न हातात असतील, तर त्यातला एक तरी असा ठेवा, की ज्याचं उत्तर उमेदवाराच्या शब्दांवर विश्वास न ठेवताही तपासता येईल. आपल्या सोसायटीत, संस्थेत, साहित्य मंडळात निवडणूक आली, तर तिथेही हे करून बघा.