अश्रूंच्या गर्दीत हरवलेला ताळेबंद

कल्पना सरोज यांच्यावरचे लेख मी गेली काही वर्षे वर्गात वाचून दाखवीत आलो आहे. परवा विद्यार्थ्यांना विचारले, या बाईंनी कमानी ट्यूब्ज सावरली ती कशी? वर्ग गप्प. बाराव्या वर्षीचे लग्न, सासरचा छळ, घेतलेले विष, हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ! दोष मुलांचा नाही. तो आमच्या चरित्रलेखनाचा आहे, आणि त्या ‘आमच्या’त मीही आलो.

हे लेखन दुःखावर पानेच्या पाने खर्च करते आणि कर्तृत्व दोन ओळींत गुंडाळते. पुरुष उद्योगपतीविषयी लिहिताना भांडवल येते, बाजार येतो, डावपेच येतात. दलित स्त्री उद्योजक झाली की येतो तो ‘चमत्कार’. चमत्काराला बुद्धी लागत नाही. स्त्रीचे नेतृत्व नाकारण्याची ही सभ्य रीत आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? शिवणकाम, मग सरकारी योजनेतले ५० हजारांचे कर्ज, फर्निचरचा धंदा, पुढे बांधकाम. कमानी ट्यूब्ज १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या मालकीची झाली होती. तो प्रयोग कर्जात बुडाला तेव्हा कामगारच या बाईंकडे गेले. त्यांनी जाणकारांचा गट जमवला, व्याज आणि दंडाचा बोजा उतरवून घेतला, कामगारांची थकलेली देणी भागवली. २००६ साली त्या अध्यक्ष झाल्या. २०१३ साली पद्मश्री.

खरे प्रश्न इथून सुरू होतात. कामगारांची मालकी का टिकली नाही? मालक दलित स्त्री असली म्हणून कामगाराचे स्थान बदलते काय? कारखान्यातल्या पुरुषांनी तिचा हुकूम मानला तो कोणत्या अटीवर? बँकेच्या टेबलावर जात कोणत्या भाषेत बोलली? एकाही लेखकाला हे विचारावेसे वाटू नये?

नागपूरला १९४२ साली सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी स्त्री असणे आम्हाला नवे नाही. तरीही आमच्याच वस्तीत बाई पापड लाटते तोवर ‘कष्टाळू’ असते. हिशेबाची वही स्वतःजवळ ठेवू लागली की ‘शेफारली’ ठरते. हे म्हणणाऱ्यांत कार्यकर्तेही असतात.

पुढल्या वर्षी ते लेख मी वर्गात नेणार नाही. आजारी कंपनीचा ताळेबंद नेईन म्हणतो. तो वाचायला आधी मलाच शिकावे लागेल.