गहाण पांघरूण : निर्गमातील करारसंहितेचे एक वाचन

सामान्य काळातील तिसाव्या रविवारी, ‘अ’ वर्षाच्या उपासनेत, पहिले वाचन निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातून घेतलेले असते. त्या दिवशीचे शुभवर्तमान संत मत्तयचे : सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नाला प्रभू येशूने दिलेले उत्तर. साहजिकच प्रवचनकार देवप्रीती आणि शेजारप्रीती या दोन आज्ञांवर बोलतो, आणि पहिल्या वाचनातील परका, विधवा, अनाथ, कर्जदार व त्याचे गहाण पांघरूण ही सारी मंडळी वाचनपीठावरून उतरून निमूटपणे निघून जातात. तीन वर्षांनी पुन्हा येतात. त्याआधीचा एकविसावा अध्याय, ज्यात मारका बैल, उघडा खड्डा आणि दासाचा दात हे विषय आहेत, तो तर रविवारच्या वाचनांत येतच नाही.

या दुर्लक्षामागे केवळ वेळेचा अभाव नाही. एक विचारपरंपराही आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात जुन्या कराराच्या आज्ञांचे तीन वर्ग केले : नैतिक, उपासनाविषयक आणि न्यायविषयक. नैतिक आज्ञा सर्वकाळ टिकणाऱ्या. उपासनाविषयक आज्ञा ख्रिस्ताठायी परिपूर्ण झालेल्या. न्यायविषयक आज्ञा एका विशिष्ट राष्ट्राच्या व्यवस्थेसाठी होत्या, म्हणून आता बंधनकारक नसलेल्या. सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाला ही विभागणी पाठ असते, आणि ती योग्यच आहे. पण विद्यार्थ्याच्या स्मरणात बहुधा शेवटचा निकाल तेवढा राहतो. त्याच निकालानंतर लगेच, दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धातील १०५ व्या प्रश्नात, अक्वायनस त्या न्यायविषयक आज्ञांची संयुक्तिकता किती सविस्तर मांडतात, हे विसरले जाते. बंधन संपले म्हणून अर्थही संपला, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

दुसरी सवय याच्या उलट टोकाची. या कायद्यांतून ‘आध्यात्मिक बोध’ काढायचाच असा निश्चय केला, की बैल म्हणजे आपला अनावर क्रोध, खड्डा म्हणजे पापाचा मोह आणि पांघरूण म्हणजे कृपेचे वस्त्र होऊन बसते. अशी रूपके ऐकायला गोड लागतात. परंतु त्यात आपण संहितेपासून पळ काढतो असे मला वाटते. निर्गमातला बैल हा शेणामातीतला, शिंगे असलेला बैलच आहे, आणि त्याने भोसकलेला माणूस खरोखर मेलेला आहे. या कायद्यांचा आध्यात्मिक आशय त्यांच्या पाठीमागे कोठे दडलेला नाही. तो त्यांच्या वाक्यांच्या घडणीतच आहे. नेमके सांगायचे तर त्या वाक्यांत कोण कोणाशी बोलतो, यात आहे.

प्रथम या संहितेचे स्थान पाहू. विसाव्या अध्यायात सीनाय पर्वतावर मेघगर्जनेसह दहा आज्ञा दिल्या जातात. त्यानंतर मातीच्या वेदीविषयी काही ओळी येतात, आणि लगेच एकविसावा अध्याय दासांच्या मुक्ततेने सुरू होतो. मूळ हिब्रूत या अध्यायाचे पहिलेच अक्षर ‘आणि’ या अर्थाचे आहे. त्रुआ (Troyes) नगरीचे ज्यू भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांनी या एका अक्षरावर बोट ठेवले आहे. जुन्या रब्बींना अनुसरून ते म्हणतात, की आधीच्या आज्ञा जशा सीनायवरून आल्या तशाच याही तेथूनच आल्या, हे ते अक्षर सांगते. एका उभयान्वयी अव्ययावर एवढा भार टाकणे आधुनिक वाचकाला अतिशयोक्त वाटेल. मला तसे वाटत नाही. वेदी आणि न्यायसभा यांच्यामध्ये ग्रंथकर्त्याने भिंत घातलेली नाही, हे उघड्या डोळ्यांना दिसणारे सत्यच राशी सांगत आहेत.

हे कायदे जगात एकमेव होते असा दावा मात्र कोणी करू नये. १९०१-०२ च्या हिवाळ्यात इराणमधील सूसा येथे हम्मुराबीचा शिलालेख सापडला. व्हिन्सेंट शेल या डॉमिनिकन धर्मगुरूने तो वाचून १९०२ सालीच प्रसिद्ध केला. आज तो शिलास्तंभ पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्या बाबिलोनी संहितेतही मारका बैल आहे. रस्त्याने जाता जाता बैलाने माणूस मारला तर दावा नाही. पण बैल मारका असल्याची सूचना मिळूनही मालकाने बंदोबस्त केला नसेल तर अर्धा मीना चांदी. मृत व्यक्ती दास असेल तर एक तृतीयांश मीना, म्हणजे वीस शेकेल. निर्गमाची मांडणी इतकी सारखी आहे की दोहोंची कायदेपरंपरा एकच, याविषयी शंका राहत नाही. फरक तपशिलात आहे. निर्गमात बैलाला दगडमार होते आणि त्याचे मांस खाण्यास मनाई आहे. म्हणजे मालकाला त्यातून कोणताही लाभ उरत नाही. मनुष्यरक्ताने माखलेली वस्तू हिशेबातून बादच होते. मारका म्हणून माहीत असलेल्या बैलाचा मालक स्वतः मृत्युदंडास पात्र ठरतो, जरी खंडणी भरून त्याला सुटता येते. आणि बैलाने कोणाच्या मुलाला वा मुलीला मारले तरी हाच नियम, असे मुद्दाम सांगितले आहे. हे का सांगावे लागले? हम्मुराबीच्या संहितेत घर कोसळून घरधन्याचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावे असे कलम आहे. त्यापुढे निर्गमातील ते एक वाक्य ठेवले की त्याचे मोल कळते. बापाच्या हलगर्जीपणाची किंमत लेकराने द्यायची नाही.

दासाला मारणाऱ्या बैलासाठी निर्गमात तीस शेकेल चांदीची भरपाई आहे. यहूदाच्या तीस नाण्यांची आठवण येथे होणारच. मात्र मत्तयपर्यंत तो आकडा जखऱ्याच्या ग्रंथामार्गे पोहोचला आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता वाक्यरचनेकडे वळू. जर्मन संशोधक आल्ब्रेख्ट आल्ट यांनी १९३४ साली इस्राएलच्या कायद्यांचे दोन प्रकार दाखवून दिले. एक प्रकार ‘जर कोणी असे केले, तर असे व्हावे’ हा, न्यायसभेत घडलेला. दुसरा प्रकार थेट आज्ञेचा. पुढील विद्वानांनी आल्टच्या काही निष्कर्षांना हरकत घेतली, पण ही विभागणी वाचकाच्या कानाला आजही पटते. एकविसाव्या अध्यायात बहुतेक सर्वत्र ‘कोणी’ आहे : कोणी खड्डा खणला, कोणाचा बैल, कोणी बैल चोरला. कायद्याचा आवाज थंड, तटस्थ, तृतीय पुरुषी. बाविसाव्या अध्यायाच्या मध्यावर हा आवाज बदलतो. परक्याला छळू नका, असे म्हणताना ‘कोणी’ जाऊन ‘तुम्ही’ आणि ‘तू’ येतात. विधवा-अनाथांपाशी आल्यावर आणखी एक जण बोलू लागतो. तो ‘मी’ म्हणतो. त्यांनी आक्रोश केला तर मी ऐकेन, असे तो सांगतो, आणि हिब्रूत त्या एका वाक्यात तीन क्रियापदे दुहेरी येतात : छळणे, आक्रोश करणे आणि ऐकणे, तिन्ही ठासून. मिसरातील लोकांच्या ज्या आक्रोशाविषयी जळत्या झुडपातून मोशेला सांगितले गेले, त्याच धातूचा शब्द येथे आहे. ज्यांचा आक्रोश एकदा ऐकला गेला, त्यांच्याच दाराशी आता दुसऱ्याचा आक्रोश उभा आहे.

मग पांघरुणाचा नियम येतो. शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्यास्तापूर्वी परत कर, एवढे सांगून कायदा संपायला हवा होता. तो संपत नाही. ते त्याचे एकमेव आच्छादन आहे, त्याच्या कातडीवर घालायचे वस्त्र तेच, असे तो दोन-दोनदा समजावतो, आणि अखेर प्रश्न करतो की तो माणूस निजेल तरी कशावर. कायद्याच्या कलमात प्रश्नचिन्ह! जगातील संहितांत असे क्वचितच आढळेल. शिक्षा मुळीच सांगितलेली नाही. आणि पुन्हा तो ‘मी’ येतो : त्याने मला हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी दयाळू आहे.

येथे आपल्या देशाच्या कायद्याशी तुलना उद्बोधक ठरेल. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० असे सांगते, की न्यायालयाच्या हुकूमनाम्यानुसार कर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती आणताना त्याचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, बिछाना-अंथरूण यांना हात लावता येत नाही. ही तरतूद उत्तम आहे. निर्गमापेक्षा व्यापकही आहे. परंतु ती कारण सांगत नाही, सांगण्याची तिला गरज नाही. बेलिफाला बिछाना जप्त करता येत नाही, इतके पुरे. निर्गम मात्र सावकाराला रात्रीच्या थंडीत त्या माणसाच्या कातडीपर्यंत घेऊन जातो. त्याला यादी नको आहे, सावकाराने ती थंडी ओळखावी असे हवे आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हीच दृष्टी आणखी सूक्ष्म होते. गहाण घ्यायला सावकाराने ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, आणि ऋणकोने काय द्यायचे ते स्वतः बाहेर आणायचे. वसुलीच्या दिवशी आपल्या पोराबाळांसमोर घराचा उंबरठा ओलांडला गेल्याचे दुःख ज्या कुटुंबांनी सोसले असेल, त्यांना या ओळीचे भाष्य लागणार नाही.

हा नियम कागदावरच राहिला होता का? आमोस संदेष्टा गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेद्यांपाशी लोळणाऱ्यांना झोडपतो, त्यावरून नियम मोडला जात होता हे निश्चित. आणखी एक साक्ष मातीतून निघाली आहे. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावरील मेसाद हशावियाहू येथील लहानशा किल्ल्याच्या उत्खननात जोसेफ नावेह यांना शाईने लिहिलेली खापरी मिळाली. ती ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. एक कापणी करणारा मजूर तेथील अधिकाऱ्याकडे दाद मागतो : मी माझे काम पूर्ण केले, धान्य कोठारात भरले, तरी होशायाहू याने माझे वस्त्र नेले, उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे माझे भाऊ साक्ष देतील, माझे वस्त्र मला परत मिळावे. ते वस्त्र गहाण होते की दंड म्हणून नेले होते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मजुराने शास्त्रवचनाचा आधार दिलेला नाही. निकाल काय लागला ते खापरीवर नाही. तरी एका वस्त्रासाठी न्याय मागणारा माणूस आपल्यासमोर सदेह उभा राहतो, आणि बाविसाव्या अध्यायातील तो प्रश्न अलंकारिक नव्हता हे कळते.

या करुणेला भाबडेपणा समजू नये. तेविसावा अध्याय बजावतो की खटल्यात गरिबाचाही पक्षपात करायचा नाही. पांघरूण परत करा, पण साक्ष वाकवू नका. त्याच्या जोडीलाच शत्रूच्या गाढवाचा नियम आहे. द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसले असेल तर निघून जाऊ नकोस, मदत कर. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा येथे दिलेली नाही. फक्त ओझ्याला हात लावायला सांगितले आहे. दोघे मिळून ओझे उचलताना पुढे काय घडेल, ते कायदा सांगत नाही. शब्बाथाचे कारणही याच अध्यायात वेगळे दिले आहे : तुझा बैल व गाढव यांना विसावा मिळावा, दासीच्या मुलाने आणि परक्याने श्वास घ्यावा. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी ते बंद ठेवी, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्याला जुंपलेल्या बैलाला तो दिवस मोकळा मिळे. या ओळीचे इतके शब्दशः पालन दुसरीकडे शोधावे लागेल.

पण एक काटा राहतोच, आणि टीकाकाराने तो लपवू नये. दासाला काठीने मारले व तो एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण दास हा त्याचे धन आहे, असे एकविसावा अध्याय म्हणतो. याचे समर्थन मी करणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई व्हर्बुम’ (१९६५) या दस्तऐवजाने जुन्या करारात अपूर्ण व तात्कालिक गोष्टीही आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. ही ओळ त्यांपैकी होय. ख्रिस्ती माणसांनीही शतकानुशतके, पोर्तुगीज काळात आपल्या गोव्यातसुद्धा, दास बाळगले. पोप तेरावे लिओ यांनी १८८८ साली गुलामगिरीचा निषेध करणारे परिपत्रक काढले, तोवर फार उशीर झाला होता. तरीही त्याच अध्यायात, डोळ्याबद्दल डोळा हा नियम सांगून होताच, दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर तो दास स्वतंत्र होतो. हम्मुराबीच्या संहितेत दासाच्या डोळ्याची भरपाई त्याच्या मालकाला मिळते. येथे ती दासाला मिळते, आणि तीही एका दातासाठी. ‘धन’ म्हणवणाऱ्या ओळीला पाच-सहा ओळींनी पडलेली ही भेग आहे. ती रुंद व्हायला तीन हजार वर्षे लागावीत, यात दोष ग्रंथाचा किती आणि वाचकांचा किती, हे ज्याने त्याने तपासावे.

शेवटी, डोंगरावरील प्रवचनाविषयी एक निरीक्षण. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, की कोणी फिर्याद करून तुझा अंगरखा घेऊ पाहील तर त्याला वरचे वस्त्रही देऊन टाक. वरचे वस्त्र म्हणजे तेच पांघरूण, जे रात्री ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही सावकाराला नव्हता. निर्गमातला ‘तू’ पांघरूण नेणारा होता. येथला ‘तू’ ते गमावणारा आहे. कायद्याने ज्याचे रक्षण केले ते केवळ तोच सोडू शकतो, त्याच्याकडून मागण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नाही. गरिबाला ‘दे’ म्हणणाऱ्या प्रवचनकारांनी हा भेद नीट वाचावा. संत लूकने हाच बोध देताना क्रम उलटा ठेवला आहे : आधी वरचे वस्त्र, मग अंगरखा. तेथे न्यायालय नाही, हिसकावून घेणे आहे. मत्तयचा पहिला श्रोता मात्र तोरा ऐकत वाढलेला होता; अंगरख्यामागून पांघरुणाचे नाव येताच त्याला बाविसावा अध्याय आठवला असणार.