मल्टिकास्ट मार्गनिर्धारण पद्धती : एक चिकित्सा

एकाच संदेशाच्या प्रती प्रत्येक संगणकाकडे स्वतंत्रपणे न पाठवता, मार्ग जेथे फुटतो तेथेच प्रत काढणे, हे मल्टिकास्टचे मूलतत्त्व होय. स्टीव्ह डीअरिंग यांच्या आरएफसी १११२ (१९८९) मधील प्रारूपानुसार गटाचा सभासद नसलेला संगणकही त्या गटास संदेश पाठवू शकतो. हा मोकळेपणा या प्रारूपाचे बलस्थान आहे, तसेच त्याची मर्यादाही.

डीव्हीएमआरपी ही आरंभीची पद्धत संदेश सर्वत्र पसरवून अनावश्यक शाखा छाटते. सभासद विरळ असल्यास ती खर्चिक ठरते. पिम स्पार्स मोडमध्ये मागणी आल्यावरच शाखा वाढते. परंतु प्रेषक व श्रोते यांची गाठ घालून देण्यासाठी एक सामाईक राउटर लागतो. तो कोणाच्या नेटवर्कमध्ये असावा आणि प्रत्येक गटाच्या नोंदींचा भार कोणी सोसावा, हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत, ते प्रशासकीयही आहेत. त्यामुळेच एकाच संस्थेच्या नेटवर्कमधील दूरचित्रवाणी प्रसारणात रुजलेले मल्टिकास्ट इंटरनेटवर सार्वत्रिक झाले नाही. आरएफसी ८८१५ (२०२०) नेही निरनिराळ्या संस्थांच्या नेटवर्कांदरम्यान मुक्त प्रेषकाचे प्रारूप त्याज्य ठरवून, श्रोत्याने प्रेषक निश्चित करण्याच्या एसएसएम प्रारूपाची शिफारस केली.

सारांश, मार्गाची काटकसर हा मूल्यमापनाचा एकमेव निकष ठरत नाही. नियंत्रण व खर्चाचे उत्तरदायित्व यांचाही विचार अध्यापनात होणे अगत्याचे आहे.