प्रयोगशाळेतील कलावंत : सहकार्य, माध्यम आणि मतभेद

१

विज्ञान आणि कला यांच्या संबंधांची मराठीतील चर्चा प्रायः आशयाच्या अंगाने झाली आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुगीन प्रतिमासृष्टी, विज्ञानकथेचे वाङ्मयप्रकार म्हणून असलेले स्थान, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि वाङ्मयीन जाणीव यांच्यातील ताण हे या चर्चेचे मुख्य विषय. कलाकृती विज्ञानाविषयी काय म्हणते, हा या सर्वांमागील समान प्रश्न. गेल्या साठेक वर्षांत मात्र या संबंधाचे एक वेगळे रूप समोर आले आहे. कलावंत काही आठवडे किंवा महिने प्रयोगशाळेत राहतो, तेथील उपकरणे हाताळतो, संशोधकांच्या बैठकांना बसतो आणि त्या सहवासातून काही निर्माण व्हावे अशी अपेक्षा असते. पाश्चात्त्य जगात 'रेसिडेन्सी' या नावाने रूढ झालेल्या या व्यवस्थेला येथे 'निवासयोजना' म्हटले आहे. या योजनांत कलाकृतीचा आशय काय, या प्रश्नाच्या आधी ती कोणाची, तिचे माध्यम कोणते आणि ती संपते कोठे, हे प्रश्न उभे राहतात. म्हणूनच सौंदर्यशास्त्राने त्यांची दखल घेणे अगत्याचे आहे.

अशा योजनांविषयी जे लिहिले जाते, ते बहुतांशी त्या चालविणाऱ्या संस्थांनीच लिहिलेले असते. सी. पी. स्नो यांनी १९५९ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात 'दोन संस्कृतीं'ची कल्पना मांडली; तेव्हापासून या लेखनाला सेतूची उपमा जडली आहे. दोन तीर आहेत, मधे दरी आहे आणि निवासयोजना हा पूल आहे, असे हे चित्र. ते आकर्षक असले तरी समीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. पुलाने दोन्ही तीर होते तसेच राहतात, आणि पूल कोणी बांधला, त्याचा खर्च कोणी केला, त्यावरून कोणाला जाऊ दिले, हे प्रश्न त्या उपमेत बसत नाहीत. सहकार्याने दोन्ही पक्षांच्या मूळ प्रश्नात काही फरक पडला काय, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरते. तो फरक सिद्ध झालेल्या वस्तूपेक्षा अनेकदा मतभेदाच्या जागी अधिक स्पष्ट दिसतो. पुढील काही उदाहरणे या कसोटीवर तपासून पाहता येतील.

२

बेल प्रयोगशाळेतील विद्युत अभियंता बिली क्ल्यूव्हर यांनी १९६० मध्ये शिल्पकार ज्याँ तँगली यांना स्वतःचाच नाश करणारे एक यंत्र उभारण्यास साहाय्य केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या बागेत ते यंत्र चालले, पेटले आणि अखेर अग्निशामक दलाला पुढे यावे लागले. या अनुभवातून पुढे ऑक्टोबर १९६६ मधील 'नाइन ईव्हनिंग्ज' हा उपक्रम आकाराला आला. १० कलावंत आणि सुमारे ३० अभियंते यांनी न्यूयॉर्कमधील एका लष्करी कवायतगृहात आपले प्रयोग सादर केले. त्याच वर्षी क्ल्यूव्हर, फ्रेड वाल्डहॉवर, रॉबर्ट राउशेनबर्ग आणि रॉबर्ट व्हिटमन यांनी 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' ही संस्था स्थापन केली.

राउशेनबर्ग यांच्या 'ओपन स्कोअर' या प्रयोगात टेनिसच्या रॅकेटींमध्ये प्रेषक बसविले होते. चेंडूच्या प्रत्येक टोल्यासरशी आवाज घुमे आणि सभागृहातील एक दिवा विझे. पूर्ण काळोख झाल्यावर सुमारे ५०० माणसे रंगस्थळी येत. समोर बसलेल्या प्रेक्षकांना ती प्रत्यक्ष दिसत नसत. अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने टिपलेली त्यांची प्रतिमा तेवढी पडद्यांवर उमटे. तंत्र येथे केवळ साधन राहिलेले नाही. हाकेच्या अंतरावरचे माणूस यंत्राखेरीज दिसू नये, हा या प्रयोगाचा मूळ अनुभव आहे आणि तो अभियंत्याच्या कौशल्यावाचून संभवतच नाही. तथापि श्रमांची विभागणी जुनीच राहिली. 'काय' हे कलावंताने ठरवावे आणि 'कसे' हे अभियंत्याने सांगावे, ही मांडणी बदलली नाही. अभियंता हा कलावंताचा सेवक नव्हे, असा क्ल्यूव्हर यांचा आग्रह होता व तो प्रामाणिक होता. परंतु या सहवासातून अभियंत्याच्या स्वतःच्या ज्ञानक्षेत्रात कोणता नवा प्रश्न उद्भवला, हे या प्रयोगांवरून सांगता येत नाही.

३

लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयाने मॉरिस टकमन यांच्या पुढाकाराने १९६७ ते १९७१ या काळात राबविलेला 'कला आणि तंत्रविज्ञान' हा कार्यक्रम या बाबतीत अधिक बोधप्रद आहे. यात कलावंतांच्या जोड्या उद्योगसमूहांशी व त्यांच्या संशोधनविभागांशी लावण्यात आल्या. रॉबर्ट अर्विन आणि जेम्स टरेल हे दोन कलावंत गॅरेट कॉर्पोरेशनमधील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉर्ट्झ यांच्याबरोबर काम करू लागले. अंतराळवीरांना परक्या परिस्थितीत जाणवणाऱ्या शारीरिक व संवेदनविषयक अडचणी हा वॉर्ट्झ यांच्या अभ्यासाचा विषय होता.

या तिघांनी जे प्रयोग केले त्यांत दाखविण्याजोगी वस्तू नव्हती. प्रतिध्वनी उठू न देणाऱ्या कक्षात माणसाला काळोखात बसवायचे. किंवा ज्यात कडा, खोली वा आकार काहीच नाही अशा एकसंध प्रकाशक्षेत्राकडे पाहावयास लावायचे. पाहण्यासारखे व ऐकण्यासारखे काही उरले नाही म्हणजे माणसाला आपल्याच पाहण्या-ऐकण्याची जाणीव होऊ लागते, हे या प्रयोगांचे सूत्र होते. अशा कक्षातून बाहेर आल्यावर नेहमीचीच झाडे व रस्ते काही काळ निराळे दिसतात, असे अर्विन यांनी पुढे सांगितले आहे. १९६९ मध्ये टरेल यांनी प्रकल्प सोडला. संग्रहालयाच्या प्रदर्शनात मांडता येईल अशी कलाकृती यातून झाली नाही.

वस्तूच्या निकषाने पाहिले तर हा प्रकल्प फसला. प्रश्नांत पडलेल्या फरकाच्या निकषाने पाहिले तर त्या संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत सफल सहकार्य हेच ठरते. टरेल यांच्या पुढील अनेक दशकांच्या कामात एकसंध प्रकाशक्षेत्र हे प्रमुख माध्यम झाले. अर्विन यांनी काही काळाने स्टुडिओच सोडला आणि जागेनुसार घडणाऱ्या कामाकडे ते वळले. वॉर्ट्झ यांच्याबाबतीत झालेला बदलही तितकाच लक्षणीय आहे. माणूस एखादी परिस्थिती किती सहन करू शकतो, या प्रश्नाकडून ते ती जागा राहण्याजोगी कशामुळे होते, या प्रश्नाकडे वळले. १९७० मध्ये 'वसतियोग्यता' या विषयावर लॉस एंजेलिस येथे झालेल्या राष्ट्रीय परिसंवादाच्या आखणीत अर्विन आणि वॉर्ट्झ या दोघांचा वाटा होता. त्यांची मैत्री प्रकल्पानंतरही टिकली.

येथे समीक्षकापुढे एक अडचण उभी राहते. कलाकृतीच नसेल तर समीक्षा कशाची करावयाची? उत्तर त्या कार्यक्रमाच्या १९७१ च्या अहवालात सापडते. सिद्धीस गेलेल्या जोड्यांप्रमाणेच फसलेल्या जोड्यांची, नाकारलेल्या प्रस्तावांची आणि उभयपक्षी झालेल्या पत्रव्यवहाराची नोंद त्यात आहे. निवासयोजनांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांतून कलाकृतीच्या जोडीने, कित्येकदा तिच्याऐवजी, प्रस्ताव, टिपणे, परवानग्या, फलक व अहवाल असा मोठा लिखित व्यवहार निर्माण होतो. संहितेचे वाचन हे ज्याचे काम, त्या वाङ्मयसमीक्षकाला येथे थेट प्रवेश आहे. या अहवालाच्या वाचनातून त्या कार्यक्रमाची मर्यादाही उघड होते. निवडलेल्या कलावंतांत स्त्रिया नव्हत्या आणि त्याविरुद्ध १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमधील स्त्री-कलावंतांनी आवाज उठविला. प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न अशा रीतीने सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचा राहत नाही.

४

माध्यमच जिवंत असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. पर्थ येथील पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात २००० मध्ये 'सिम्बायोटिका' ही कलावंतांसाठीची प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी ओरॉन कॅट्स आणि त्यांच्या सहकारी आयोनात झुर यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र स्वतः शिकून घेतले. अभियंत्याने कलावंतासाठी काही करून देणे येथे संपले. प्रयोगशाळेतील कौशल्य हेच कलावंताचे कसब झाले. २००४ मधील त्यांचे 'व्हिक्टिमलेस लेदर', म्हणजे बळीविना चामडे, हे काम म्हणजे विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या सांगाड्यावर जिवंत पेशी वाढवून केलेला एक चिमुकला कोट. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात तो मांडला असता पेशी अपेक्षेपेक्षा जोमाने वाढल्या आणि त्यांचे पोषण थांबविण्याचा निर्णय प्रदर्शनाच्या संयोजिकेला घ्यावा लागला.

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात माध्यमाच्या संवेदनांमधील परस्परसंबंध, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी झालेली त्यांची रचना, सौंदर्याच्या मुळाशी असते. या भूमिकेतून त्या कोटाचे वर्णन करता येईल; पण पोषण थांबविणे ही घटना त्या वर्णनात कोठेच बसणार नाही. ती कलाकृतीच्या बाहेरची आहे, असे म्हणावे तर त्या कामाचा गाभाच सुटतो. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविषयक संकल्पनाव्यूह द्विध्रुवात्मक असल्याचे दाखविले. कलेला जीवनव्यवहाराशी जोडणारा लौकिकतावादी ध्रुव आणि तिला स्वायत्त मानणारा अलौकिकतावादी ध्रुव यांपैकी कोणताही एक निकालात काढता येत नाही, ही त्यांची मांडणी येथे अधिक कामास येते. काचपात्रातील कोट पाहण्याची वस्तू आहे आणि सांभाळण्याचा जीवही आहे. पाहणारा एका ध्रुवावर स्थिर होऊ लागताच दुसरा ध्रुव त्याला खेचतो. शीर्षकातील उपरोधही याच ताणातून येतो. पेशींना वाढविणाऱ्या द्रवात गाईच्या गर्भातील वासराच्या रक्तापासून काढलेला घटक असतो. बळी गेलेला नाही असे शीर्षक सांगते आणि बळी गेला आहे हे प्रयोगशाळेतील कृती सांगते. कलावंतांनी ही विसंगती लपविलेली नाही. ऊतिसंवर्धन स्वतःच्या हाताने केल्यावाचून ती त्यांना इतक्या नेमकेपणाने दाखविता आली नसती.

याउलट एदुआर्दो काट्झ यांचा 'जीएफपी बनी' (२०००) हा प्रकल्प. जेलीफिशमधील हिरवे प्रकाशणारे प्रथिन निर्माण करणारा जनुक असलेला 'आल्बा' नावाचा ससा फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत होता. त्याला घरी नेऊन कुटुंबात वाढविणे हा कलाकृतीचा भाग असल्याचे काट्झ यांनी जाहीर केले. संस्थेने ससा बाहेर नेऊ दिला नाही. ससा आपल्या प्रकल्पासाठीच निर्माण झाला, असे कलावंताचे म्हणणे होते. असे ससे संशोधनासाठी आधीपासूनच होते, असे शास्त्रज्ञ लुई-मारी उदबीन यांच्याकडून सांगण्यात आले. दोन्ही कथनांचा मेळ बसला नाही. येथे सहकार्य मोडले. पण ज्यावर जगभर लिहिले गेले ती कलाकृती मुख्यतः या मोडण्यातूनच घडली. प्रयोगशाळेतील प्राण्याचा कर्ता कोण, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेला परिचित असलेल्या कर्तृत्वाच्या प्रश्नाचेच रूप आहे. फरक इतकाच की येथे ज्याच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे ती संहिता श्वास घेते.

५

भारतातील स्थितीकडे पाहताना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उदाहरण प्रथम आठवते. होमी भाभा स्वतः चित्रकार होते आणि संस्थेच्या संग्रहात हुसेन, आरा, गायतोंडे अशा चित्रकारांची कामे त्यांच्या रसिकतेमुळे आली. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र संस्थेच्या दर्शनी दालनात आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेला विज्ञानसंस्थेने दिलेला हा आश्रय मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो शेजार आहे, सहकार्य नव्हे. चित्र भिंतीवर आले. भिंतीपलीकडे चाललेल्या कामाने चित्राला किंवा चित्राने त्या कामाला प्रश्न विचारावा, अशी त्यात योजना नव्हती.

पुढच्या पिढीचे एक उदाहरण बंगळूरचे आहे. २००९ मध्ये तेथील सृष्टी या कला-अभिकल्प संस्थेच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राच्या साहाय्याने, जनुकीय फेरबदलाच्या एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धेसाठी, पहिल्या पावसाचा गंध देणारे जिवाणू घडविण्याचा प्रकल्प हाती घेतला. हा गंध मुख्यतः जिओस्मिन या रेणूचा असतो आणि निसर्गतः तो मातीतील सूक्ष्मजीवांपासून येतो. ही निवासयोजना नव्हे, पण तिच्यातील प्रश्न येथे आहेतच. मराठी वाचकाला 'मृद्गंध' म्हटले की काव्यपरंपरा आठवते. विंदा करंदीकरांच्या १९५४ मधील संग्रहाचेच ते नाव आहे. तो गंध परीक्षानळीत ऋतूवाचून आणि मातीवाचून उपलब्ध झाला तर त्या शब्दाभोवती साचलेल्या अर्थाचे काय होते? गंध तोच, पण वाट पाहणे नाही. रसायनशास्त्राला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही आणि केवळ कवितेच्या वाचनातूनही तो इतक्या थेटपणे उभा राहिला नसता.

६

जिनिव्हाच्या सर्न या संस्थेने २०११ मध्ये कलावंतांसाठी योजना सुरू केल्यापासून या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. प्रतिष्ठेबरोबर धोकाही आला आहे. संशोधनाला सार्वजनिक पैसा लागतो आणि त्यासाठी जनमत लागते; अशा वेळी कलावंताकडून विज्ञानाचे सुशोभन होणे संस्थेला सोयीचे असते. उलट, उपकरणांच्या झगमगाटाने सामान्य कल्पनेला वजन आणणे कलावंताला सोयीचे असते. दोन्ही सोयी जुळल्या की मतभेदाला जागा उरत नाही आणि त्या एकमतालाच सहकार्य म्हटले जाते.

समीक्षेने अशा कामापुढे तीन प्रश्न ठेवावेत. कलावंताने प्रयोगशाळेतून केवळ प्रतिमा उचलल्या की कृतीही आत्मसात केली? शास्त्रज्ञाच्या प्रश्नाला काही वेगळे वळण मिळाले काय? आणि जेथे दोघांचे जुळले नाही, त्या जागेची नोंद ठेवली गेली काय? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे शोधण्याचे साधन तोच पुरवितो. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने आपल्या अपयशाचे कागद छापले, म्हणून अर्विन आणि वॉर्ट्झ यांच्याविषयी आज काही सांगता येते. ज्या योजनांच्या दप्तरात केवळ यशाचे फलक उरतील, त्यांच्याविषयी पुढील अभ्यासकांना त्या संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांपलीकडे काहीही सांगता येणार नाही.