मूळ पानाचे मोल

चित्रकथेच्या एखाद्या मूळ पानास कोट्यवधी रुपये पडले, असे वृत्त अलीकडे वर्षाकाठी एकदोनदा तरी वाचनात येते. त्यावर रसिकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरासोरांच्या पुस्तकांची उपेक्षा करणाऱ्यांचे डोळे आता तरी उघडावे. दुसरा म्हणतो, पैसा फार झाला की विवेक सुटतो, त्याचाच हा नमुना. आमच्या मते दोघांचाही विचार एकाच ठिकाणी चुकतो. बोली जेथे थांबली तेथे कलेचा निवाडा झाला, असे दोघेही धरून चालतात आणि मग एक त्या निवाड्याने हर्षित होतो, दुसरा संतापतो. वस्तुतः किंमत ही एक साक्ष आहे. साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण त्याची उलटतपासणी केल्यावाचून निकाल देऊ नये, हा न्यायाचा साधा नियम येथेही लागू व्हावयास पाहिजे.

प्रथम दोन उदाहरणे घेऊ. २०२१ च्या जानेवारीत पॅरिस येथील आर्तक्यूरियाल या लिलावगृहात हेर्जे या बेल्जियन चित्रकाराचे एक चित्र सुमारे ३१ लाख ७५ हजार युरोंस विकले गेले. ‘ब्लू लोटस’ या टिनटिनच्या कथेकरिता १९३६ साली रंगविलेले हे मुखपृष्ठ आहे. चिनी मातीच्या बरणीतून भयचकित होऊन डोकावणारा टिनटिन, आणि त्याच्या डोक्यावर भला मोठा ड्रॅगन. चित्र फार रंगांचे पडल्यामुळे छपाईचा खर्च परवडणार नाही म्हणून प्रकाशकाने ते नाकारले आणि हेर्जेने दुसरे, अधिक साधे मुखपृष्ठ करून दिले. नाकारलेले चित्र त्याने प्रकाशकाच्या लहान मुलास दिले व त्याने ते घड्या घालून ठेवून दिले, असे सांगतात. त्या घड्यांच्या खुणा चित्रावर आजही दिसतात.

दुसरे उदाहरण २०२२ च्या जानेवारीतील. अमेरिकेत डॅलस येथील हेरिटेज या लिलावगृहाने माइक झेक या चित्रकाराने रेखाटलेले ‘सीक्रेट वॉर्स’ या मालिकेच्या ८ व्या अंकातील २५ वे पान विकले. त्यास ३३ लाख ६० हजार डॉलर आले. मालिका १९८४-८५ ची. आणि या पानाचे महत्त्व एवढेच की, स्पायडरमॅनला त्याचा प्रसिद्ध काळा पोशाख कसा मिळाला, तो प्रसंग त्यावर आहे.

दोन्ही आकडे एकमेकांच्या आसपासचे. परंतु त्यांनी मोजलेल्या वस्तू मात्र अगदी भिन्न आहेत. हेर्जेचे मुखपृष्ठ कथेवाचून उभे राहू शकते. टिनटिन कोण हे ठाऊक नसलेला मनुष्यही त्या बरणीतील डोळ्यांची भीती ओळखील, त्या रचनेतील तोल त्यास जाणवेल. झेकचे पान तसे नाही. झेक हा कसबी चित्रकार खराच. पण त्याच अंकातील त्याचीच इतर पाने, त्याच हाताने, त्याच शाईने काढलेली असता, या पानाच्या जवळपासही येऊ शकत नाहीत. रेषा तीच, मोल वेगळे. अर्थात मोल रेषेचे नव्हे. ते प्रसंगाचे आहे, आणि प्रसंगाहूनही अधिक, तो प्रसंग बालपणी प्रथम वाचणाऱ्या पिढीच्या स्मृतीचे आहे. त्या वेळी खिशातली नाणी मोजून अंक घेणारी मुले आता प्रौढ व सधन झाली. गेलेले बालपण विकत मिळत नाही, म्हणून त्याचा कागद विकत घेतला जातो. यात आम्हांस हास्यास्पद असे काही वाटत नाही. मात्र याला कलेचे मूल्यमापन म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे.

साक्षीदारास दुसरा प्रश्न विचारावयाचा तो हा की, हे धन जाते कोणाकडे? १९३८ साली जेरी सीगल व जो शस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’चे सर्व हक्क १३० डॉलरांस प्रकाशकास लिहून दिले. ती रक्कम इतर कामांच्या मोबदल्यासह ४१२ डॉलरांच्या एका धनादेशाने त्यांस मिळाली. २०१२ साली तोच वटलेला, निरुपयोगी झालेला धनादेश लिलावात १ लाख ६० हजार डॉलरांस गेला. आणि सुपरमॅनचा पहिला अंक, जो त्या काळी १० सेंटांस मिळत असे, त्याची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरांस विकली गेली. ज्या कागदाने दोन कलावंतांचा हक्क गेला, तो कागदच पुढे त्यांना मिळालेल्या मोबदल्याच्या कित्येक पटीने मोलाचा ठरावा, याहून कडवट उपरोध एखाद्या नाटककारासही सुचला नसता. जॅक कर्बीची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकन चित्रकथेस आजचे रूप देणाऱ्या या पुरुषास आपल्याच हातची मूळ पाने परत मिळविण्यासाठी प्रकाशकाशी दीर्घ काळ झगडावे लागले. १९८७ साली सुमारे दोन हजार पाने परत आली. त्याने काढलेली पाने याच्या कितीतरी पट होती.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या विदर्भाच्या भूमीत, नागपुरास, १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या लिलावात ६७ कोटी रुपयांवर गेले. गायतोंडे २००१ साली निवर्तले. दिल्लीत त्यांनी अगदी थोडक्यात संसार केला, थोडी चित्रे काढली, आणि बोलले त्याहूनही थोडे. हा आकडा ऐकून वैदर्भीयांस अभिमान वाटला तर तो स्वाभाविक आहे. पण त्याच महाराष्ट्रात दुसऱ्या एका प्रकारचे चित्रकार राबत होते, ज्यांची चित्रे गायतोंड्यांच्या चित्रांहून हजारपट अधिक घरांत पोचली आणि ज्यांचे नाव लिलावाच्या वृत्तांत आमच्या वाचनात येत नाही.

अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ ही माला सुरू केली. तिच्या ११ व्या पुस्तकात, ‘कृष्ण’ या कथेत, प्रथमच भारतीय विषय आला. त्याची चित्रे राम वाईरकर यांची. पुढे १९८० साली निघालेल्या ‘टिंकल’मध्ये सुप्पंडीस रूप देणारा हातही वाईरकरांचाच. एकाच मनुष्याने एकीकडे गोकुळातले सौम्य, वाटोळे, रवि वर्म्याच्या छापील तसबिरींशी नाते सांगणारे मुखमंडल रेखाटावे, आणि दुसरीकडे चार वाकड्या रेषांत एका भोळसटाचे डोके उभे करावे, ही लहान गोष्ट नव्हे. पुण्याचे प्रताप मुळीक यांची प्रकृती निराळी. त्यांच्या चित्रांत अंगबांधा पिळदार, प्रसंग वेगवान, आणि छायेचा उपयोग धीट. मद्रासेहून निघणाऱ्या ‘चांदोबा’तील विक्रम व वेताळ यांचे चित्र, खांद्यावर प्रेत आणि हाती उपसलेली तलवार, ज्याने पाहिले नाही असा मराठी वाचक एका पिढीत तरी विरळाच; परंतु ते काढणारे के. सी. शिवशंकरन २०२० साली ९७ व्या वर्षी वारले, तेव्हा किती घरांस ते आपले म्हणून आठवले? चित्र घरोघरी, चित्रकार अनामिक: ही आमच्याकडची स्थिती आहे.

याचा दोष केवळ प्रकाशकांवर लोटून आम्हां टीकाकारांस मोकळे होता येणार नाही. कवितेच्या एका शब्दावर आम्ही पाने खर्ची घातली. कादंबरीतील पात्राच्या स्वभावावर वाद घातले. पण यशोदेच्या मांडीवरील कृष्णाचे जे चित्र हजारो मुलांच्या मनात कायमचे ठसले, त्याच्या रेषेविषयी कोणी चार ओळी लिहिल्या? जेथे टीका मुकी राहते तेथे बाजार बोलू लागतो, आणि बाजारास एकच भाषा येते. पाश्चात्य लिलावगृहाने उद्या एखाद्या मराठी चित्रकाराच्या पानावर मोठा आकडा लावला, तर दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्यावर गौरवपर लेख लिहू. आणि तो दिवस आमच्या टीकेच्या पराभवाचा असेल.

शिवाय एक आक्षेप असा आहे की, जो आमच्या परंपरेतूनच निघतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान् पिढ्या रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या आधारे गाऊन सांगत आले. त्यांची चित्रे सुट्या पानांची. एकेका आख्यानाची एकेक पोथी. पान पुढे येते, गायक प्रसंग सांगतो, पान मागे जाते, दुसरे येते. २०२१ साली परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेचे नाव पुन्हा सर्वांच्या कानी पडले. आमची खरी चित्रकथा ही. आणि तिने शिकविलेली गोष्ट अशी की, पानाचा अर्थ पोथीत असतो. एक पान काढून घ्या, आख्यानास भोक पडते. लिलावाचा व्यवहार नेमका याच्या उलट चालतो. अंकाची पंचवीस-तीस मूळ पाने पंचवीस-तीस घरी जातात. ज्यावर नायक झळकतो ते महाग, आणि ज्यावर कथा श्वास घेते ते स्वस्त. कुशल चित्रकथाकार तर मोठ्या प्रसंगाच्या आधीचे पान मुद्दाम शांत ठेवतो. त्या शांततेवाचून पुढचा आघात होत नाही. परंतु शांततेवर बोली लागत नाही.

कायद्याकडून काही आशा आहे काय? आमच्या लेखाधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. मूळ चित्र किंवा हस्तलिखित पुन्हा विकले जाऊन किंमत १० हजार रुपयांहून अधिक आली, तर त्या किमतीत कर्त्यास वा त्याच्या वारसांस वाटा मिळावा, व तो फार तर १० टक्के असावा, असे त्याचे सार. फ्रान्सने १९२० सालीच असा हक्क मान्य केला होता. कलम चांगले आहे. परंतु त्यात एक मेख आहे: कर्ता हा हक्कांचा प्रथम मालक असेल तरच हा वाटा. नोकरीत असता, अथवा मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा प्रथम मालक अनेकदा काम देणाराच ठरतो. म्हणजे स्वतःच्या लहरीने काढणाऱ्यास हा कायदा हात देतो, आणि ज्याने पानामागे पैसे घेऊन आयुष्य काढले त्याचा हात सोडतो. चित्रकथेचे चित्रकार बहुतांशी या दुसऱ्या वर्गातले. ही अट काढून टाकावी, निदान चित्रकथेपुरती सैल करावी, अशी मागणी चित्रकारांच्या व साहित्यिकांच्या संस्थांनी करावयास हवी.

इतके म्हटल्यावर लिलावाच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे आहे तेही मान्य करणे भाग आहे. आम्ही हे यवतमाळास लागून असलेल्या लोहाऱ्यात बसून लिहीत आहोत. आमच्या घरी एके काळी ‘अमर चित्र कथा’, ‘चांदोबा’ आणि ‘इंद्रजाल’ यांचा एक ढीग होता. यवतमाळहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर तो वाढे आणि गल्लीतल्या प्रत्येक मुलाबरोबर थोडा फाटे. एका दिवाळीच्या आवराआवरीत तो किलोच्या भावाने रद्दीत गेला. तराजूत टाकताना आम्हीच दोरी बांधून दिली होती. ज्या कागदास कोणी किंमत देत नाही त्याची गत ही होते. ती छापील पुस्तके होती, पुन्हा मिळू शकतील. मूळ पान गेले म्हणजे गेले. पेन्सिलीची पुसट राहिलेली रेघ, चूक झाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग, फुग्यावर चिकटविलेली अक्षरांची पट्टी, समासात संपादकाने केलेली सूचना, हे सारे छापात नाहीसे होते. चित्रकार कोठे अडला आणि कसा सुटला, हे केवळ मूळ पानच सांगू शकते. टिनटिनचे ते मुखपृष्ठ कोणी जपले म्हणूनच, छपाईच्या हिशेबापूर्वी हेर्जेच्या मनात काय होते, ते जगास कळले. पैशाने का होईना, कागद वाचतो, हे खरे.

परंतु कागद वाचविण्याचे काम पैशावर सोपविले की तो पैशास हवा तोच कागद वाचवितो. प्रसिद्ध प्रसंगाचे पान काचेत जाईल. त्याच्या आधीचे शांत पान रद्दीत. म्हणून मूळ पाने पुस्तकागणिक, संपूर्ण, एकत्र राहतील अशी व्यवस्था झाली पाहिजे. आणि ती पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांनी केली तर दहा लिलावांहून अधिक काम होईल. चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. यास तर एक पैही लागत नाही. आणि टीकाकाराने आपल्या वाट्याचे काम करावे: आकडा छापून येण्यापूर्वी रेषा पाहावी. ज्या लोहाऱ्याच्या मुलाने वाईरकरांच्या कृष्णावर बोट फिरवून कालियाचे फणे मोजले, त्यास ते चित्र केवढ्यास विकले जाईल हे ठाऊक नव्हते. त्याने ते नीट पाहिले मात्र होते.