ख्रिस्तो यांची कला : निष्प्रयोजनतेमागील प्रयोजन

प्रस्तावना

बल्गेरियात जन्मलेले चित्रकार-शिल्पकार ख्रिस्तो व्लादिमिरोव याव्हाशेव (१९३५-२०२०) जगाला केवळ ‘ख्रिस्तो’ या नावाने परिचित आहेत. पूल, संसदभवन, समुद्रकिनारा अशा प्रचंड वस्तू कापडात गुंडाळणारा कलावंत ही त्यांची रूढ ओळख आहे. या ओळखीमुळे त्यांच्या कार्याचे भव्य स्वरूप लक्षात येते. परंतु त्यामागील कलाविचार मात्र झाकला जातो. आपल्या कलाकृतींना कोणतेही प्रयोजन नाही, त्या केवळ आनंदासाठी आणि सौंदर्यासाठी आहेत, असे ख्रिस्तो आणि त्यांच्या सहचारिणी जान-क्लोद सातत्याने सांगत आले. आपल्याकडील काव्यशास्त्रात प्रयोजनविचाराला मोठे स्थान आहे. त्या विचाराशी परिचित असलेल्या अभ्यासकाला हा दावा सहजासहजी मान्य होणार नाही. हा दावा कोठून आला, कलाकृतींतून तो कितपत सिद्ध होतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण : गाब्रोवो ते पॅरिस

ख्रिस्तो यांचा जन्म १३ जून १९३५ रोजी गाब्रोवो या कापड उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात झाला. वडील कापड उद्योगाशी निगडित रसायनांचे उद्योजक होते. साम्यवादी राजवट आल्यानंतरच्या राष्ट्रीयीकरणात हा व्यवसाय राज्याच्या ताब्यात गेला. आई सोफिया येथील ललितकला अकादमीत सचिव म्हणून काम करीत असे. याच अकादमीत १९५३ ते १९५६ या काळात ख्रिस्तो यांनी चित्र-शिल्पाचे शिक्षण घेतले. हा काळ समाजवादी वास्तववादाच्या वर्चस्वाचा होता. चित्राने काय सांगावे, कोणासाठी सांगावे आणि कोणत्या शैलीत सांगावे हे आधीच ठरलेले असे.

या काळातील एक अनुभव पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ओरिएंट एक्स्प्रेस ही पॅरिसहून इस्तंबूलकडे जाणारी गाडी बल्गेरियातून जात असे. पाश्चात्त्य प्रवाशांना देश समृद्ध दिसावा म्हणून अकादमीच्या विद्यार्थ्यांना लोहमार्गालगतच्या गावांत पाठविले जाई. यंत्रे कशी मांडावीत, गवताच्या गंजी ताडपत्रीने कशा झाकाव्यात याविषयी ते शेतकऱ्यांना मार्गदर्शन करीत. विस्तीर्ण भूदृश्यात वस्तूंची मांडणी करणे, त्यासाठी अनोळखी माणसांशी बोलणे आणि त्यांचे मन वळविणे यांचे शिक्षण ख्रिस्तो यांना नकळत येथे मिळाले. फरक इतकाच, की येथे झाकण्यामागे राज्याचा हेतू होता. पुढे आयुष्यभर त्यांनी झाकण्याची कृती स्वीकारली आणि हेतू मात्र नाकारला.

१९५६ मध्ये ते प्रागला गेले आणि जानेवारी १९५७ मध्ये मालगाडीत लपून ऑस्ट्रियात पोहोचले. व्हिएन्ना व जिनिव्हा येथील अल्प वास्तव्यानंतर १९५८ मध्ये ते पॅरिसला आले. उपजीविकेसाठी ते श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढीत. या चित्रांवर ‘याव्हाशेव’ अशी स्वाक्षरी असे. ‘ख्रिस्तो’ हे नाव त्यांनी स्वतःच्या खऱ्या कामासाठी राखून ठेवले होते. अशाच एका व्यक्तिचित्राच्या निमित्ताने जान-क्लोद यांच्याशी त्यांची भेट झाली. दोघांचा जन्म एकाच दिवसाचा; ख्रिस्तो गाब्रोवोचे, तर जान-क्लोद कॅसाब्लँकाच्या. १९६४ मध्ये हे दांपत्य न्यूयॉर्कला गेले. १९७३ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मिळेपर्यंत ख्रिस्तो कोणत्याही देशाचे नागरिक नव्हते.

गुंडाळण्याची क्रिया आणि शिल्पविचार

१९५८ पासून ख्रिस्तो डबे, बाटल्या, खुर्च्या अशा सामान्य वस्तू कापडात गुंडाळून दोरीने बांधू लागले. या कृतीला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. मॅन रे यांनी १९२० मध्येच एक वस्तू घोंगडीत बांधून तिचे छायाचित्र घेतले होते. तेथे भर आत काय आहे या गूढावर होता. ख्रिस्तो यांच्याकडे, विशेषतः नंतरच्या मोठ्या कामांत, आतली वस्तू सर्वांना ठाऊक असते. प्रेक्षकाला पाहायची असते ती कापडाने तिला दिलेली नवी काया.

या संदर्भात ख्रिस्तो शिल्पकार रोदँ यांच्या बाल्झाकच्या पुतळ्याचा दाखला देत असत. रोदँ यांनी बाल्झाकचा देह प्रथम नग्न घडविला आणि पुढे तो झग्याने आच्छादला. तपशील लोपला, उरला तो केवळ घाट. हा दाखला समर्पक आहे. वस्त्राच्या चुण्या हा युरोपीय चित्र-शिल्पपरंपरेतील शतकानुशतकांचा अभ्यासविषय होय. ख्रिस्तो यांनी संगमरवरात कोरलेल्या चुण्यांच्या जागी वाऱ्याने हलणाऱ्या चुण्या आणल्या. म्हणूनच त्यांना परंपरेशी नाते तोडणारे कलावंत मानण्यापेक्षा परंपरेच्या एका अंगाला वास्तुशिल्पाच्या आकारापर्यंत नेणारे कलावंत मानणे अधिक उचित ठरते.

रेखाटन : कल्पनेचे माध्यम आणि अर्थकारण

ख्रिस्तो यांच्यातील चित्रकार पॅरिसमध्येच संपला, असा समज त्यांच्या भव्य प्रकल्पांमुळे होऊ शकतो. वस्तुतः प्रत्येक प्रकल्प प्रथम कागदावर जन्मला. पेन्सिल, कोळसा, पेस्टल, कापडाचे तुकडे, नकाशे आणि तांत्रिक तपशील यांच्या संयोगातून ही चित्रे सिद्ध होत. न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यशाळेत ख्रिस्तो ही चित्रे मदतनिसाविना, एकट्याने काढीत. त्यांच्या विक्रीतूनच प्रकल्पांचा खर्च भागविला जाई. शासकीय अनुदान किंवा प्रायोजकत्व स्वीकारले जात नसे.

येथे एक लक्षणीय नियम दिसतो. प्रकल्प प्रत्यक्षात आला की त्याविषयीचे एकही चित्र ख्रिस्तो नव्याने काढीत नसत. हे चित्र घडलेल्याचे स्मरण नाही. न घडलेल्याची ती इच्छा आहे. वर्षे सरतात तसे एकाच प्रकल्पाचे चित्र अधिक नेमके होत जाते, कारण अभियंत्यांच्या चाचण्यांतून आलेले ज्ञान त्यात उतरते. संकल्पना आणि वास्तव यांच्यातील अंतर हाच या चित्रांचा खरा विषय होय.

अनुमतीची प्रक्रिया

२७ जून १९६२ रोजी पॅरिसच्या रू विस्कोंती या अरुंद रस्त्यावर ८९ तेलपिंपांची भिंत उभारून ख्रिस्तो यांनी काही तास वाहतूक अडविली. आदल्या वर्षीच बर्लिनची भिंत उभी राहिली होती आणि कलाकृतीच्या नावात ‘पोलादी पडदा’ हे शब्द होते. ही कृती विनापरवाना होती. पुढील कार्यात मात्र अनुमती मिळविण्याची दीर्घ प्रक्रिया हाच कलाकृतीचा भाग बनला.

कॅलिफोर्नियातील ‘रनिंग फेन्स’ (१९७६) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. साडेपाच मीटर उंच आणि ३९.४ किलोमीटर लांब असे हे पांढरे कापडी कुंपण केवळ १४ दिवस उभे होते. त्यासाठी ५९ शेतकरी-पशुपालक कुटुंबांची संमती घ्यावी लागली, १८ जाहीर सुनावण्या झाल्या आणि पर्यावरणविषयक ४५० पानी अहवाल तयार झाला. कलादालनात कधी पाऊल न टाकणारी माणसे ‘कला म्हणजे काय’ या प्रश्नावर तावातावाने बोलली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ‘द गेट्स’ला १९८१ मध्ये नकार मिळाला होता, ७,५०३ केशरी द्वारांचा हा प्रकल्प २००५ मध्ये साकार झाला.

या प्रक्रियेचे शिखर म्हणजे बर्लिनचे राईखस्टाग. १९७१ मध्ये कल्पना मांडली गेली तेव्हा ही इमारत विभाजित शहराच्या सीमारेषेवर उभी होती. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांचा प्रकल्पाला विरोध होता, तर संसदेच्या अध्यक्षा रीटा झ्यूसमुट यांचा पाठिंबा. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी जर्मन संसदेत चर्चा होऊन २९२ विरुद्ध २२३ मतांनी अनुमती मिळाली. जून-जुलै १९९५ मध्ये एक लाख चौरस मीटर रुपेरी कापडात ही वास्तू १४ दिवस झाकली गेली आणि सुमारे पन्नास लाख लोकांनी ती पाहिली. ज्या कलावंताच्या तारुण्यात राज्य कलेला आदेश देत होते, त्याच्या कलेवर एका राज्याला मतदान करावे लागले. निष्प्रयोजनतेचा दावा येथे आपोआप राजकीय बनतो. प्रत्येक चित्राकडून प्रयोजनाची मागणी करणाऱ्या व्यवस्थेतून निसटलेल्या माणसाने ‘याचा काहीही उपयोग नाही’ असे म्हणणे हेच त्याचे राजकीय विधान होय.

कर्तृत्वाचा प्रश्न

१९९४ मध्ये या दांपत्याने जाहीर केले, की सार्वजनिक ठिकाणचे सर्व प्रकल्प पूर्वलक्षी प्रभावाने दोघांच्या नावे ओळखले जावेत. चित्रे मात्र एकट्या ख्रिस्तो यांची. हा बदल समीक्षेच्या दृष्टीने मूलभूत आहे. चित्र काढणारा हात एकच असला, तरी वाटाघाटी, अर्थव्यवस्था आणि निर्णय यांना निर्मितीत स्थान द्यायचे, तर कलावंत या संज्ञेची व्याप्ती वाढवावी लागते. तीन दशके जान-क्लोद यांचा उल्लेख पत्नी किंवा व्यवस्थापक म्हणून होत राहिला. त्यात कलाव्यवहाराचा पूर्वग्रह होता आणि दोघांनी त्या काळी पत्करलेली सोयही होती. २००९ मध्ये जान-क्लोद यांचे निधन झाले. त्यानंतर साकारलेला इटलीतील इझेओ सरोवरावरील ‘द फ्लोटिंग पिअर्स’ (२०१६) हा प्रकल्पही १९७० च्या सुमारास दोघांनी मिळून कल्पिलेला होता.

आक्षेप आणि मर्यादा

या कलेवरील काही आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप निरुपद्रवित्वाच्या दाव्यासंबंधी आहे. १९९१ च्या ‘द अंब्रेलाज’ या प्रकल्पात जपान व कॅलिफोर्निया येथे मिळून ३,१०० प्रचंड छत्र्या उभारल्या होत्या. वादळी वाऱ्यात उन्मळलेल्या छत्रीमुळे कॅलिफोर्नियात एका महिलेचा, तर जपानमध्ये छत्र्या उतरविताना विजेच्या धक्क्याने एका कामगाराचा मृत्यू झाला. प्रकल्प तात्पुरता होता. हे दोन मृत्यू तात्पुरते नव्हते. ‘केवळ आनंदासाठी’ ही भूमिका या ठिकाणी अपुरी पडते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याविषयीचा आहे. प्रायोजक नाकारणारी ही कला धनिक संग्राहकांच्या खरेदीवर उभी होती. त्यामुळे तिचे स्वातंत्र्य बाजारापासूनचे नव्हते. बाजारात राहून अटी स्वतः ठरविण्याचे ते स्वातंत्र्य होते. तिसरा आक्षेप तात्पुरतेपणाच्या तत्त्वाचा आहे. अबू धाबीच्या वाळवंटासाठी १९७७ पासून योजलेला, ४,१०,००० पिंपांचा ‘मस्ताबा’ हा कायमस्वरूपी प्रकल्प त्या तत्त्वाला छेद देतो. ख्रिस्तो यांच्या हयातीत तो झाला नाही. मात्र इच्छा म्हणून तो चार दशके टिकला, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी.

निष्कर्ष

ख्रिस्तो यांचे निधन ३१ मे २०२० रोजी झाले. पॅरिसची विजयकमान गुंडाळण्याचा प्रकल्प त्यांच्या पश्चात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ दिवसांसाठी साकार झाला. कलावंताच्या अनुपस्थितीत तो पूर्ण होऊ शकला, कारण कापडाच्या घडीपासून दोरीपर्यंत सर्व काही चित्रांतून निश्चित झालेले होते. त्यांचे सर्व कार्य चित्रकाराच्या हातावर उभे होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

एकंदरीत असे म्हणता येईल, की ख्रिस्तो यांची निष्प्रयोजनता प्रयोजनाचा अभाव दर्शवीत नाही. सोफियातील शिक्षणाला दिलेले ते आयुष्यभराचे उत्तर आहे. या उत्तराचे मोल मान्य करताना त्यासाठी इतरांना मोजावी लागलेली किंमतही नोंदविली पाहिजे. कलेला उपयुक्ततेच्या जोखडातून सोडविता येते. जबाबदारीतून मात्र सोडविता येत नाही, हाच ख्रिस्तो यांच्या कलाजीवनाच्या अभ्यासातून हाती येणारा विचार होय.