शिकागोचा अक्कडी कोश : संग्रह आणि प्रकाशन

शिकागो विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेचे (2023 पासून तिचे नाव बदलले आहे) संग्रहालय पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो खोर्साबादचा प्रचंड पंखधारी वृषभ. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्या संस्थेचे खरे धन म्हणजे तिचा अक्कडी कोश होय. ब्रेस्टेड यांनी 1921 साली आरंभिलेले हे कार्य 2011 साली पूर्ण झाले. सुमारे वीस लाख चिठ्ठ्यांवर त्याचे 21 खंड उभे आहेत.

या कोशाचा मोठा गुण असा की, तो शब्दाला केवळ प्रतिशब्द देत नाही. करारपत्रे, पत्रव्यवहार, शकुनग्रंथ यांतील मूळ वाक्ये अनुवादासह समोर ठेवतो. 'ऊमु' म्हणजे दिवस. पण त्या एका शब्दाला सतरा पृष्ठे लागली आहेत, आणि ती वाचताना कोश वाचीत आहोत की बाबिलोनी समाजाचा इतिहास, असा संभ्रम पडावा. उलटपक्षी, अन्य सेमिटिक भाषांतील सजातीय शब्द देण्याचे या कोशाने बुद्ध्याच टाळले आहे. तौलनिक व्याकरणाच्या अभ्यासकाला त्यासाठी फोन झोडेन यांच्या तीन खंडांच्या जर्मन कोशाकडेच (1965–81) वळावे लागते. ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पहिली पस्तीस वर्षे एकही खंड निघाला नाही. अखेर ओपेनहाइम यांच्या संपादनाखाली छपाई सुरू झाली ती वर्णक्रम सोडून! 1956 साली प्रथम आला तो 'ख'सदृश घर्षक वर्णाचा खंड. 'अ'चा पहिला भाग 1964 साली निघाला. परिणामी एकाच कोशात अर्धशतकाच्या अंतराचे ज्ञान शेजारी शेजारी नांदते. आरंभीच्या खंडांतील वाचने नियतकालिकांतील नंतरच्या दुरुस्त्यांशी ताडून पाहिल्याखेरीज वापरणे धोक्याचे असते.

तरीही ओपेनहाइम यांचा निर्णय योग्यच मानावा लागतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे उदाहरण यासंबंधी बोलके आहे. कत्रे यांनी 1948 साली हाती घेतलेल्या या कार्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून कोटीभर चिठ्ठ्या जमल्या. पहिला खंड 1976 साली निघाला; आणि 2022 पर्यंत पस्तीस भाग होऊनही मजल 'अ'कारातच होती. संपादनाची कसोशी वादातीत आहे. परंतु 'क'कारादी किंवा 'स'कारादी शब्दावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कसोशीचा आज काय उपयोग? शिकागोचे सर्व खंड आता विनामूल्य उपलब्ध आहेत. पुण्यातील उरलेल्या वर्णांच्या चिठ्ठ्याही, संपादित होण्यापूर्वीच, आहेत त्या स्थितीत दूरच्या अभ्यासकाला चाळता याव्यात. त्यांत चुका राहतील. शिकागोच्या पहिल्या खंडातही त्या राहिल्या होत्याच.